ग्वार्दे म्हणजे पाहिले

ला बोका, ब्युनोस आयरेस
सोमवार, ४ मे १९३६

चि. तेक्लास,
वडील बंधू जोव्हान्नी बात्तिस्ता याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे थंडी सुरू झाली आहे. डावा गुडघा कुरकुरतो; परंतु छिन्नी धरणारा हात अद्याप थरथरत नाही. हे सर्वांत आधी लिहिण्याचे कारण असे, की पुढील सर्व मजकूर त्याच हातावर अवलंबून आहे.

गेल्या मंगळवारी पुलाकडून परत येत असता मी पाटीवरील अक्षरांतील एक चूक पाहत रस्त्यातच थांबलो. मागून कोळशाची गाडी आली. गाडीवान याच शहरात जन्मलेला. त्याच्या सात पिढ्यांत आपल्या इटलीतील जिनोव्हाचा कोणी नसावा. तो कंठ फोडून ओरडला, की ग्वार्दा, नोनो, ग्वार्दा! मी बाजूला झालो, टोपी काढली आणि त्याला थांबवून विचारले, की आपण आत्ता उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ काय. तो म्हणाला, की अर्थ कसला डोंबलाचा, बघ म्हाताऱ्या, डोळे उघडे ठेव, एवढंच. आणि देवाची आठवण झाली असेल तर टोपी घालून कर, डोक्याला वारा लागेल.

तेक्ला, त्याने ‘बघ’ या अर्थी तो शब्द वापरला. स्पॅनिश बोलणाऱ्या, स्पॅनिश आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाने.

रस्त्यावरचे शब्द मी घरात येऊ देत नाही, हे तुला ठाऊक आहे. कामाला ‘लाबुरो’ म्हणणारे आणि ‘समजले का’ हे विचारण्यासाठी आपल्या खाण्याच्या क्रियापदाची मोडतोड करणारे लोक माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिलेले मला चालत नाहीत. परंतु त्या दिवशी मी त्या गाडीवानाला लवून नमस्कार केला. एकोणतीस वर्षांपूर्वी आपल्या भावाच्या, निकोलोच्या तोंडी हाच शब्द होता आणि संपूर्ण शहरात त्याचा हा अर्थ कोणालाही ठाऊक नाही, असे कागदावर लिहिले गेले.

तुला पुन्हा सांगण्याची गरज नाही. तरी लिहितो, कारण मला ते लिहिल्यावाचून राहवत नाही. खानावळीत मारामारी झाली, मुकादमाला सुरा लागला, सुरा नाहीसा झाला. शेजारच्या मेजावर फाइना खात बसलेल्या निकोलोला ठाण्यात नेऊन विचारण्यात आले, की सुऱ्याचे तू काय केलेस. तो आपल्या अर्ध्या जिनोव्ही, अर्ध्या स्पॅनिश बोलीत म्हणाला, ‘मी लो ग्वार्दे’; ‘मी’ हा आपल्या बोलीतला, ‘लो’ म्हणजे तो. आपल्या लोकांत ग्वार्दारे म्हणजे पाहणे. त्याने सुरा पाहिला, इतकेच. स्पॅनिशमध्ये ग्वार्दार म्हणजे ठेवणे, जपणे, दडवणे. कारकुनाने लिहिले, की आरोपीने सुरा दडवला. शेजारी शपथ घेतलेला दुभाषा उभा होता. आपल्याच गावचा, आपल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला एर्कोले त्राव्हेर्सो. त्याला विचारले, की बरोबर आहे ना. तो म्हणाला, बरोबर आहे. निकोलो दक्षिणेच्या तुरुंगात गेला आणि चौथ्या हिवाळ्यात तेथेच गेला.

आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या भिंतीवर प्रत्येक दिवंगत सभासदाच्या नावाचा दगड आहे. त्यांपैकी बहुतेक मी कोरले. निकोलोचा नाही, कारण शिक्षा झालेल्याचे नाव लागत नाही. १९११ साली मी सभेत उभा राहिलो तेव्हा एर्कोलेनेच हसत हसत सूचना मांडली, की शपथबद्ध दुभाष्याने त्या शब्दाचा अर्थ ‘पाहणे’ असल्याचे लेखी द्यावे, मग रेपेत्तोने आपल्या भावाचा दगड खुशाल लावावा. या वस्तीत शपथबद्ध दुभाषा एकच होता. सर्वजण हसले. ठराव मात्र इतिवृत्तात नोंदला गेला.

आता तो मंडळाचा अध्यक्ष आहे, ‘दोन’ ही बड्या माणसांची स्पॅनिश उपाधी लावून दोन एर्कोले म्हणवून घेतो आणि काल स्वतः माझ्या दुकानी आला. जिवंतपणीच आपला दगड लावून घेण्याची त्याची इच्छा आहे. मजकूर त्यानेच रचला आहे: ‘दोन एर्कोले त्राव्हेर्सो, ज्याने आपल्या लोकांचा शब्द ग्वार्दो’. म्हणजे राखला.

तेक्ला, त्याने तोच शब्द निवडला. त्याला आठवणसुद्धा नाही. मी काम स्वीकारले.

तुझ्या प्रकृतीची वार्ता कळव. या भावावर आहे तेवढी माया पुढील दोन महिने तरी कमी होऊ देऊ नये.

जोव्हान्नी बात्तिस्ता रेपेत्तो


रोझारियो
१३ मे १९३६

ती. बाचीचादादास,
धाकट्या तेक्लाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचताना मका शिजत ठेवला होता तो करपला, त्याची भरपाई तू करायचीस. रस्त्याच्या मधोमध उभं राहून दुसऱ्याच्या पाटीतल्या चुका काढायची खोड चौऱ्याहत्तराव्या वर्षी तरी सोड. पुढचा गाडीवान मुका निघाला तर?

माझी नात रोझाल्बा परवा मला म्हणाली, की आजी, आज मला फियाका आलीय, शाळेला नाही जात. मी म्हटलं, की बाई गं, हा तर आपल्या गावचा शब्द, माझी आजी उपाशी माणसाच्या मरगळीला म्हणायची. ती म्हणते कशी, छे, हा इथला रस्त्यावरचा आहे, तुम्ही आमचा ढापला असणार. मला हसू आलं आणि मग रडू आलं. आपल्या तोंडात होते तेव्हा या शब्दांना तुरुंग, आणि पोरांच्या तोंडात गेले की ते शहराचे झाले.

आता तुला एक सांगते, जे मी आजवर सांगितलं नाही. त्या वर्षी एर्कोलेने मला मागणी घातली होती. निरोप निकोलोकडे दिला. निकोलो काही तुझ्यासारखा नव्हता, चार वाक्यांत नम्र नकार लिहून देणारा. त्याने भर खानावळीत, पाच मेजांवर ऐकू जाईल असं, एकाच शब्दात उत्तर दिलं: चांता. तोंडाची वाफ दवडणारा, भपकेबाज, लोकांना टोपी घालणारा. सगळी खानावळ हसली म्हणे. पुढे कितीतरी दिवस गोदीतली पोरं त्याला तेच म्हणत. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती मारामारी झाली. ठाण्यात एर्कोले चुकला नव्हता, दादा. त्याला अर्थ चांगला माहीत होता. त्याने एका शब्दाचा सूड दुसऱ्या शब्दाने घेतला.

मी हे लपवलं, कारण मला वाटायचं, की माझ्यामुळे निकोलो गेला. आता मीही म्हातारी झाले, आणि लाज बाळगायचा कंटाळा आला.

तू काय करणार ते मला विचारायचं नाही. पण दगडात मुद्दाम चूक करशील तर याद राख. लोक म्हणतील म्हातारा चळला, आणि तो सुटेल. जे करशील ते असं कर, की त्याला बोट दाखवायला जागा राहू नये. तुझं ते शिष्टपण आजवर आम्हाला जेवताना छळायलाच उपयोगी पडलं. आता एकदा कामाला लाव.

गुडघ्याला गरम मीठ बांध. रागावलास तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी तेक्ला


ला बोका
२० मे १९३६

मा. दोन एर्कोले त्राव्हेर्सो यांस,
जोव्हान्नी बात्तिस्ता रेपेत्तो याचा कृ. सा. न. वि. वि.

आपण दिलेल्या मजकुराप्रमाणे दगड निवडला आहे. पांढरा असून त्यात शीर नाही. अक्षरांची आखणी झाली. तथापि छिन्नी लावण्यापूर्वी एक शंका आपणासमोर ठेवणे हे माझे कर्तव्य आहे. कारण एकदा कोरलेले अक्षर खोडता येत नाही.

आपल्या मजकुरात ‘ग्वार्दो’ हा शब्द आहे. तरुण सभासद त्याचा अर्थ ‘राखला’ असा घेतील, हे उघड आहे. परंतु मंडळात अद्याप काही वृद्ध मंडळी आहेत, जी आपल्या बोलीच्या सवयीने ‘पाहिला’ असे वाचतील व आपल्या नावाला बाध येईल, अशी मला भीती वाटते. मी केवळ चार इयत्ता शिकलेला कारागीर असल्याने याचा निर्णय करण्यास असमर्थ आहे. आपण कोर्टात वीस वर्षे शपथेवर दुभाष्याचे काम केले आहे. जहाजातून नव्याने उतरलेली आपली माणसे हा शब्द कोणत्या अर्थी वापरीत, अशी गल्लत खरोखर होत असे काय, आणि जाणकाराला ती ओळखता येत असे काय, हे आपण दोन ओळी लिहून सहीनिशी कळविल्यास मी निःशंक मनाने काम सुरू करीन.

आपला कृपालोभ दगडाइतकाच टिकाऊ राहावा.

आपला आज्ञाधारक,
जो. बा. रेपेत्तो, अक्षरे कोरणारा


ला बोका
२३ मे १९३६

श्री. रेपेत्तो यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. आपली शंका वाचून करमणूक झाली. चार इयत्तांनंतर शाळा सोडण्याचे हेच परिणाम असतात; तरीही आपण विचारण्याचा नम्रपणा दाखविला, याबद्दल आनंद वाटला. आपल्याला समजेल अशा सोप्या शब्दांत सांगतो.

जिनोव्हाकडचा कोणताही मनुष्य येथे आल्यावर पहिली दहा वर्षे ‘ग्वार्दार’ म्हणतो आणि त्याच्या मनात ‘पाहणे’ असते. त्याने ‘ग्वार्दे’ म्हटले, म्हणजे त्याने पाहिले. दुसरे काही नाही. हा शब्द मी शपथेवर शेकडो वेळा ऐकला आहे. बोटीतून उतरलेल्या पोरालाही जे कळते, ते शपथबद्ध दुभाष्याला कळत नव्हते, असे आपल्याला वाटते की काय? वीस वर्षांत या दोन अर्थांत माझी एकदाही गल्लत झाली नाही, एकदाही नाही, हे मी सहीनिशी लिहून देतो.

तेव्हा शब्द आहे तसाच ठेवावा. वाचणारे मूर्ख असतील तर तो दोष दगडाचा नव्हे. अनावरण रविवारी, १२ जुलैला आहे. अक्षरे ठसठशीत असावीत.

एर्कोले त्राव्हेर्सो
शपथबद्ध दुभाषा (निवृत्त), अध्यक्ष


ला बोका
३० मे १९३६

चि. तेक्लास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत दोन पत्रांच्या नकला आहेत. एक मी लिहिलेले, दुसरे मला आलेले. दुसरे उभ्याने वाचू नकोस, खुर्ची घे.

मी ते तीन वेळा वाचले. पहिल्या वेळी मला राग आला, कारण त्याने माझ्या चार इयत्ता काढल्या. दुसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले, की त्याने काय लिहिले आहे. तिसऱ्या वेळी मी ते मोठ्याने वाचले. दुकानात दगडांखेरीज कोणी नव्हते. ‘त्याने ग्वार्दे म्हटले, म्हणजे त्याने पाहिले, दुसरे काही नाही.’ एकोणतीस वर्षे मी ज्या एका वाक्यासाठी जगलो, ते या मनुष्याने मला मूर्ख ठरविण्याच्या भरात फुकट लिहून दिले. आणि शेवटी स्वतःच्या हाताने पुस्तीही जोडली, की त्याची एकदाही गल्लत झाली नव्हती. चुकला असता तर मी कदाचित त्याला क्षमा केली असती. परंतु तो चुकला नव्हता, असे तोच म्हणतो.

मी मंडळाचे चिटणीस बोझ्झो यांच्याकडे गेलो. शिस्तीचे गृहस्थ आहेत, कागदाबाहेर पाऊल टाकीत नाहीत. त्यांनी १९११ चे इतिवृत्त काढले, ठराव वाचला, पत्रावरील सही पडताळली, चष्मा पुसला आणि म्हणाले, की सिन्योर रेपेत्तो, ठरावात ज्याची मागणी आहे ते तंतोतंत हेच आहे, आणि ठराव मांडणारा व लिहून देणारा एकच आहे, ही तर अधिकच सोय झाली. मग ते हळूच म्हणाले, की अध्यक्षांना हे आधी कळवणं माझ्या कामात बसतं का ते मला नियमावलीत पाहावं लागेल, आणि नियमावली सध्या बांधायला दिली आहे.

म्हणजे आता दोन दगड होतील. एर्कोलेचा त्याने सांगितल्याप्रमाणे, एका वेलांटीचाही फरक न करता. वाचून पाहा: आपल्या लोकांचा शब्द ज्याने ग्वार्दो. स्पॅनिशमध्ये तो राखलाही होतो आणि दडवलाही. त्याने दडवलाच. आपल्या बोलीत होतो ‘पाहिला’. तो निकोलोच्या शेजारी उभा राहून नुसता पाहतच राहिला होता. तीनही अर्थ खरे आहेत, आणि मजकूर त्याचा आहे.

दुसरा दगड निकोलोचा. त्यावर नाव, वर्षे आणि खाली त्याचे वाक्य. मी ते शुद्ध करून, आपल्या बोलीतील ‘मी’च्या जागी स्पॅनिश ‘यो’ घालून, ‘यो लो ग्वार्दे’ असे आखले आहे. तुझे मत कळव.

हात अद्याप स्थिर आहे. आशीर्वाद आहेतच, आता तुझाही एक मला दे.

जोव्हान्नी बात्तिस्ता


रोझारियो
८ जून १९३६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खुर्ची घेतली होती, तरी पडले असते. रोझाल्बाने विचारलं, की आजी, तू हसतेस का रडतेस, नीट ठरव ना एकदा. मी तिला नक्कल वाचून दाखवली. ती म्हणाली, की हा माणूस तर पक्का चांता दिसतो. मी तिला तो शब्द कधी शिकवला नव्हता, दादा. देवाशपथ.

आता माझं मत. तू ‘यो’ कोरणार असशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

निकोलो कधी ‘यो’ म्हणाला होता? आयुष्यभर आपल्यासारखा ‘मी’ म्हणायचा. तू जेवताना त्याला टोकायचास, की ‘मी’ नव्हे ‘यो’, माणसात आला आहेस तर माणसांसारखं बोल. तो मुद्दाम दहा वेळा मी, मी, मी म्हणायचा, आणि तू पाव टाकून उठून जायचास. तो ठाण्यातही ‘मी लो ग्वार्दे’च म्हणाला. कारकुनाने पहिला शब्द सुधारून ‘यो’ केला आणि दुसरा तसाच ठेवला. ‘मी’ राहू दिला असता तर कोणालाही कळलं असतं, की हा माणूस आपल्या बोलीत बोलतोय. अर्धं वाक्य शुद्ध केलं, म्हणून तो मेला. आता उरलेलं तू शुद्ध करतोस?

तू आजवर एक चूक कोरली नाहीस, माहीत आहे मला. चाकारिताच्या कबरस्तानाबाहेरचे सगळे दगडवाले तुझं नाव घेतात. पण हा दगड तुझा नाही, त्याचा आहे. त्याला त्याच्या तोंडाने बोलू दे.

आणि सूड पुरा घे. मधेच दया आली तर गुडघ्याच्या दुखण्याकडे लक्ष दे, ती निघून जाईल.

आशीर्वाद लहानांनी द्यायचे नसतात, म्हणून निकोलोचाच पाठवते.

तेक्ला


ला बोका
मंगळवार, १४ जुलै १९३६

चि. तेक्लास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावर मी दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. तिसऱ्या दिवशी आखणी पुसली. ‘मी लो ग्वार्दे’ असे कोरले. त्रेपन्न वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून उमटलेले हे पहिले अशुद्ध वाक्य आहे आणि ‘मी’ कोरताना मला जितका वेळ लागला तितका कोणत्याही शब्दाला लागला नव्हता. जेवताना त्याला दहा वेळा का बोलू दिले नाही, असे वाटत राहिले. असो.

रविवारी अकरा वाजता मंडळाचे सभागृह भरले होते. दोन एर्कोले काळ्या कोटात, शेजारी कुटुंब. त्याच्या दगडावरील कापड त्यानेच ओढले. टाळ्या झाल्या. त्याने माझ्याकडे पाहून सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, की रेपेत्तोला एका शब्दाची धास्ती वाटत होती, मी त्याची शिकवणी घेतली तेव्हा कुठे हात चालला. लोक हसले. मीही मान लववली आणि म्हणालो, की शिकवणी सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून ती चिटणिसांकडे दिली आहे.

चिटणीस बोझ्झो उठले. प्रथम १९११ चा ठराव वाचला. नंतर पत्र वाचले, तारखेपासून सहीपर्यंत, मधला एकही शब्द न गाळता, ‘मूर्ख’ सुद्धा. ‘त्याने पाहिले, दुसरे काही नाही’ येथे ते थांबले.

एर्कोलेचा चेहरा त्या दगडाच्या रंगाचा झाला. तो म्हणाला, की हे खासगी पत्र आहे. तेव्हा मागच्या बाकावरून फाइना विकणारी विधवा पिट्टालुगा, जिचा नवरा त्या दिवशी खानावळीत हजर होता, उभी राहिली आणि म्हणाली, की अगंबाई, पत्र खासगी होय? मग त्या दिवशी घेतलीस ती शपथ पण खासगीच होती का रे एर्कोले? की तीसुद्धा ग्वार्दून ठेवलीस? कोणीतरी हसले, पण ते हसणे १९११ सारखे नव्हते. त्याच्या सुनेने लहान मुलाला उचलले आणि ती बाहेर गेली. बाकीचे कुटुंब तिच्या मागोमाग.

मग मी माझ्या दगडावरील कापड ओढले. दाराच्या उजव्या बाजूला, त्याच्या दगडाच्या बरोबर खाली. निकोलो रेपेत्तो, १८७९ ते १९११. मी लो ग्वार्दे. आणि त्याखाली बारीक अक्षरांत: अर्थ, ‘पाहिले, दुसरे काही नाही’. साक्ष, शपथबद्ध दुभाषा ए. त्राव्हेर्सो, २३ मे १९३६. सर्वजण उभे राहिले. मी उभा होतोच.

काल त्याची चिठ्ठी आली. आपला दगड काढून टाकावा, अशी विनंती होती. चार ओळींत तीन चुका होत्या. मी चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून चिठ्ठी परत पाठविली आणि खाली लिहिले, की मजकूर आपला, सही आपली, एकदा कोरलेले खोडता येत नाही, हे मी आधीच कळविले होते.

मला दया आली नाही. गुडघाही फारसा दुखला नाही.

रोझाल्बाला घेऊन ये. पोरीला तिच्या आजीच्या भावाचे अक्षर दाखवायचे आहे; चुकीसकट.

तुझ्या लोभावर विसंबून,
तुझा बाचीचा

ता. क. अध्यक्षपद त्याने सोडले नाही. तेवढा गर्व अजून आहे. काल आणि आज दुपारीही पत्ते खेळायला आला आणि दोन्ही दगडांखालून मान खाली घालून आपल्या खुर्चीकडे गेला. परंतु आज मागच्या मेजावरून कोणीतरी, मला वाटते विधवा पिट्टालुगाच्या जावयाने, अगदी सहज ओरडून म्हटले, की ग्वार्दा! सभागृहात असा रस्त्यावरचा शब्द उच्चारणे मला मान्य नाही. तरी मी हटकले नाही. एर्कोले दचकला, थांबला आणि त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिले. त्याला अर्थ बरोबर कळला.